माझ्या सासूचा सुरमा

खाजामियाँ फोटोग्राफर थापाड्या होता, हे मी आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की उमाक्कानं मेलेल्या माणसाला उगं देव करून ठेवलं. तोंडानं तो खोटं बोलायचा न्हाई. तोंडानं तो बोलायचाच कमी. पण हातात बारका ब्रश आला की त्याच्यासारखा लबाड माणूस अख्ख्या रेणापुरात शोधून सापडला नसता.

त्याचा स्टुडिओ आमच्या किराणा दुकानाला लागून. मधी एक मातीची भिंत. तिकडं कुणी शिंकलं की इकडं माझा नवरा शिवलिंग दचकून तराजू धरायचा. खाजामियाँचा बाप मोहरमचे ताबूत रंगवायचा, तिथनं याच्या हाताला रंग लागला. जवानीत नांदेडला स्टेशनजवळच्या एका स्टुडिओत राहून कॅमेरा शिकला, तिकडनंच भोकरची हाजराबी बायको करून आणली आन् रेणापुरात दुकान थाटलं. तेव्हा आमच्याकडं रंगीत फोटो कुठले? काळा-पांढरा फोटो काढायचा आन् त्याच्यावर हातानं रंग भरायचा. त्याला तो 'टचिंग' म्हणायचा. नाव टचिंग, पण माणूस आत जायचा एक आन् फ्रेममधनं बाहेर निघायचा दुसराच.

आमच्या गल्लीतली सिंधु घ्या. पोरगी गुणाची, रंगानं सावळी. यानं फोटोत तिला दुधात बुचकळून काढली. फोटो उदगीरला गेला, पाव्हणे आले, सिंधुच्याच हातचे पोहे खाल्ले आन् वर विचारतात, "मुलगी कवा येणार?" तिच्या बापाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात नवऱ्या मुलानं उकडतंय म्हणून टोपी काढली, आन् आतनं बायका किंचाळल्याच. फोटोत पोराच्या कपाळावर ही एवढी झुलपं होती, आन् हितं टोपीखाली नुसतं सारवलेलं खळं! पोराचा मामा रेणापूरचा, त्यामुळं तो फोटो बी खाजामियाँकडचाच. दोन्ही घरं एकमेकांकडं बघत बसली. कुणी कुणाला काय म्हणावं? लगीन झालं. बरं चाललंय त्यांचं.

ब्याऐंशीला लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा गावचे पुढारी जीपमधी कोंबून समारंभाला गेले आन् खाजामियाँला संगं नेलं. समारंभाचा ग्रुप फोटो निघाला. त्यात मधोमध शंकरप्पा. हे आमच्या गल्लीतले कापडाचे व्यापारी, आमच्या समाजाचे मोठे, त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जायचं न्हाई. त्यांच्या बाजूला ग्रामपंचायतीचा एक मेंबर उभा राहिलेला, आन् दोघांचं विळ्याभोपळ्याचं. शंकरप्पा म्हणाले, हा फोटोत नको. खाजामियाँ म्हणाला, जी मालक. मेंबराच्या जागी त्यानं क्रोटनची एक मोठी कुंडी रंगवली. काय झकास कुंडी! पण खाली मेंबराच्या चपला पुसायच्या राहून गेल्या. अजून ती कुंडी चपला घालून पंचायतीच्या भिंतीवर उभी हाय.

असा माणूस. गावाला पाहिजे ते तो देत होता. पण त्याला स्वतःला जे पाहिजे होतं ते काय मिळत न्हव्हतं, आन् ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्याला आपल्या बायकोचा एक फोटो पाहिजे होता. फक्त एक.

हाजराबी काढू द्यायची न्हाई. बाहेर जाताना ती बुरख्यात, नुसते डोळे दिसायचे. परसात माझ्यासंगं मात्र उघड्या तोंडानं बसायची, आमची दोघींची चुलीमागची दोस्ती. ईदला हातभर नव्या बांगड्या भरल्या तेव्हा खाजामियाँ म्हणाला, "तोंड ऱ्हाऊ दे, नुसत्या हाताचा काढतो." ती म्हणाली, "हात काय शेजारणीचा हाय?" एकदा तर पडद्याच्या मागं कॅमेरा लावून बसला. हिनं चुलीचं ओलं पोतेरं नेम धरून भिंगावर मारलं. "गावाला कोंबलंस त्या पेटीत ते बास झालं," म्हणाली, "मी न्हाई मावायची." तो चष्मा पुसत बसला. तो नेहमी चष्माच पुसत बसायचा.

आता आमच्या लोकांची एक रीत सांगायला पाहिजे. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेलं की आडवं निजवत न्हाईत, बसवतात. भिंतीला टेकवून, मांडी घालून, कपाळाला विभूतीचे पट्टे वढून, गळ्यात हार घालून. मातीत बी बसवूनच देतात. तर असं नटवून बसवलेलं असतानाच फोटो काढायचा. लई जणांचा तो जन्मातला पहिलाच फोटो. जिवंतपणी काढला तर आयुष्य कमी होतं म्हणायचे जुने लोक, आन् एकदा गेल्यावर ती काळजी उरत न्हाई.

पण गेलेल्या माणसाचे डोळे मिटलेले. तसा फोटो घरात कोण लावणार? म्हणून खाजामियाँ टचिंग करताना डोळे उघडायचा. मिटल्या पापणीवर बारक्या ब्रशानं बुबुळं, पांढरं, पापण्यांचे केस, सगळं. आठवड्यानं माणूस भिंतीवरनं टकामका बघायला लागायचं. घरचे बघून रडायचे आन् म्हणायचे, बोलतील बघा आता.

माझी सासू नागम्मा बहात्तरच्या दुष्काळात गेली. त्या साली म्हातारी माणसं पटापटा गेली आन् खाजामियाँला टचिंगला फुरसत मिळंना, डोळे तेवढे रंगवून द्यायचा. पण फोटोचं एक असतंय, ते त्यानंच मला पुढं सांगितलं. कागद फोटो उमटवायच्या दवेतनं काढला की त्याला धो धो पाण्यात धुवावं लागतं. दवा कागदात राहिली की ती हळूहळू चेहरा खाते. आता त्या साली जित्या माणसाला प्यायला पाणी न्हव्हतं, मेलेल्यांना आंघोळ कुठनं घालणार? एकाच बादलीत त्यानं सगळे बुचकळले आन् दोरीवर वाळत घातले.

सासूचं आन् माझं काय सांगू. ती होती तवर मी कधी वर मान करून तिच्या डोळ्यात बघितलं न्हाई. बघायची सोयच न्हव्हती, अशी वटारायची की हातातली परात खाली पडावी. गेली तरी माझी मान काय वर झाली न्हाई. सकाळी तिच्या फोटोला फूल वाहायचं, हात जोडायचे, खालच्या मानेनं माघारी फिरायचं. फोटो वर, दाराच्या चौकटीजवळ टांगलेला. डाळीत मीठ जास्त पडलं की पाठीला नजर टोचायची. मेली तरी सुटका न्हाई म्हणायची मी मनात.

जिल्हा झाला तेव्हा आम्हाला वाटलं, आता काय, कलेक्टर जवळ आला. कलेक्टर जवळ आला आन् पाऊस लांब गेला. दोन-तीन वर्षं नुसतं आभाळाकडं बघून माना दुखल्या. विहिरी तळाला, बोअरमधनं नुसता वारा. आधी पाण्यासाठी लांबच्या जिल्ह्याला शिव्या द्यायचो, आता जवळच्याला देता यायला लागल्या, तेवढी सोय झाली. टँकर यायचा तो बी त्याच्या मर्जीनं. आला की बायका घागरी घेऊन अशा पळायच्या की कुणाची सासू कोण आन् सून कोण ते कळायचं न्हाई.

एक दिवस दुपारी टँकर आला. मी कवाची उभी. नळीखाली घागर लावणार तेवढ्यात बुरख्यातनं एक हात आला आन् माझी घागर बाजूला सारली. हाजराबी.

"उमा, नंबर माझा हाय."

"तुझा कुठला? आत्ता तर आलीस डुलत डुलत!" मी बी काय कमी न्हव्हते. दोस्ती चुलीमागं, टँकरवर कुणी कुणाचं नसतंय.

तिनं वळून बघितलं. बुरख्याच्या फटीतनं नुसते डोळे, असे वटारले की बास. आन् मला काय झालं देवाला ठाऊक, घागर खाली आली आन् तोंडातनं निघून गेलं, "चुकलं, अत्ती."

आमच्यात सासूला अत्ती म्हणतात. सगळी लाइन खो खो हसली. हाजराबी बी हसली, तिला वाटलं मी चेष्टा केली. मला हसू येईना. रिकामी घागर घेऊन तशीच घरी आले, स्टूल वढला, वर चढले आन् जन्मात पहिल्यांदा सासूच्या डोळ्याला डोळा लावला.

चेहरा पिवळा पडला होता, हनुवटी तर जवळजवळ गेलेली. पण डोळे काय ताजे! काळेभोर, टपोरे, कडेनं सुरमा. माझ्या सासूनं जन्मात सुरमा घातला न्हाई. तिचे डोळे, मी चोरून बघितलेले, घारे आन् बारीक, दुसऱ्याच्या ताटातल्या भाकरी मोजणारे. आन् हितं डाव्या डोळ्याच्या पांढऱ्यात एक तपकिरी तीळ! तो तीळ मी रोज परसात बघत होते. तो हाजराबीच्या डोळ्यात हाय.

म्हणजे इतकी वर्षं मी सकाळ-संध्याकाळ शेजारणीला हात जोडून राहिले होते! जिला मी आदल्या दिवशी उसनी साखर देताना कुरकुर केली, तिला!

मी गप बसणारी बाई न्हाई. शिवलिंगला सांगितलं. तो स्टुलावर चढला आन् तिथंच बसला. मग शंकरप्पाच्या घरी गेला, त्यांच्या वडलांचा, वीरण्णांचा फोटो बघायला. वीरण्णा म्हणजे गल्लीचा वाघ. मिशा ह्या अशा, कपाळाला विभूती, आन् मधी सुरमा घातलेले, लांब पापण्यांचे डोळे. तीळ बी हाय. इतकी वर्षं कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई, कारण मिशांवरनं नजर वर कुणी नेलीच न्हव्हती. तिथनं सगळे लक्ष्मम्माकडं. ती एकटी विधवा बाई, पापड लाटून राहायची. तिचा नवरा भिंतीवरनं हाजराबीच्या डोळ्यांनी बघून राहिलेला. संध्याकाळपर्यंत गल्लीतले सगळे मेलेले तपासून झाले. सगळ्यांची नजर एकच.

शंकरप्पा तरातरा स्टुडिओत आले, मागं आम्ही. "खाजा! माझ्या बापाला सुरमा लावलास?"

खाजामियाँ ब्रश धुवून राहिला होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "मालक," म्हणाला, "मी फोटो काढतो तेव्हा डोळे मिटलेले असतात. उघडे कसे होते ते मला कुणी दाखवतच न्हाई. डोळे काढायला घेतले की हात आपोआप… मला एकच डोळे पाठ हायेत."

"कुणाचे?"

त्याला सांगायची गरजच पडली न्हाई. पलीकडच्या खोलीतनं काहीतरी आपटल्याचा आवाज आला आन् हाजराबी दारात उभी राहिली. इतक्या पुरुषांपुढं ती उघड्या तोंडानं कधी आली न्हव्हती. त्या दिवशी आली. सगळ्यांनी एकदा तिच्याकडं बघितलं आन् एकदम खाली माना घातल्या. शंकरप्पांनी बी. बापच समोर उभा राहिल्यासारखं झालं असणार.

"मी एक फोटो काढू दिला न्हाई," ती नवऱ्याला म्हणाली, "आन् तू माझे डोळे गावभर टांगलेस? ह्यांच्या बैठकीत, ह्यांच्या माजघरात, जिथं-तिथं मीच? ही माणसं कपडे बदलून राहिली तरी मी बघून राहिले?" कुणीतरी मागं फिसकन हसलं. ती तिकडं वळली तसं ते हसू मेलं. "जवर ह्या गावात माझा एक डोळा बी भिंतीवर उघडा हाय, तवर मी तुझ्या घरात न्हाई." तिनं बुरखा घातला, पेटी उचलली आन् एसटीनं भोकरला माहेरी गेली.

खाजामियाँ दुसऱ्या दिवशी रंगाची पेटी घेऊन निघाला. कातडीचा रंग कालवला होता. सगळ्यांचे डोळे मिटायचे आन् बायको परत आणायची, एवढंच त्याच्या डोक्यात. पहिलं घर शंकरप्पाचं. काल तेच म्हणाले होते, पुसून टाक. वीरण्णांची फ्रेम खाली काढली, काच काढली, खाजामियाँनं उजवा डोळा मिटवला आन् सगळे दोन पावलं मागं सरकून बघायला लागले.

वीरण्णा डोळा मारून राहिले होते.

गल्लीचा वाघ, मिशीवाला, विभूतीवाला, एक डोळा झाकून हाजराबीच्या दुसऱ्या डोळ्यानं सुनांकडं बघतोय! शंकरप्पाची बायको पदर तोंडात कोंबून आत पळाली. शंकरप्पा ओरडले, "उघड! आधी उघड तो!"

"मालक, दुसरा मिटला की बरोबर दिसंल."

"काही मिटू नको! बाप डोळे मिटून बसला तर गल्ल्याकडं कोण बघणार? हे नोकर मला विकून खातील!" मग जरा हळू म्हणाले, "आरं, सकाळी दुकानाला निघताना मी त्यांच्याकडं बघून निघतो. सवय हाय. राहू दे तसंच."

लक्ष्मम्मानं तर दारातच अडवलं. "खाजाभाई, मी घरात दुसऱ्या कुणाशी बोलते? मला काय करायचंय डोळे कुणाचे हायेत? माझ्याकडं बघतंय ना कुणीतरी? तुम्ही जा बघू." आन् रडायलाच लागली. तो बी उंबऱ्यात बसून रडला. मग तिनंच त्याला पाणी दिलं, आन् त्या साली पाणी देणं म्हणजे लई होतं.

आमच्याकडं आला तेव्हा मी म्हणलं, "मिटा, खाजाभाई. आधीच मिटायला पाहिजे होते." पण शिवलिंग आईची फ्रेम मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसला होता, लेकराला कुणी डॉक्टरची सुई द्यायला आल्यासारखा. हलवला तर हलंना. शेवटी खाजामियाँच म्हणाला, "राहू द्या, आप्पा." एक बी डोळा मिटला न्हाई.

मग त्यानं स्टुडिओ उघडणं बंद केलं. भिंतीपलीकडनं शिंक न्हाई, खोकला न्हाई. मी भाकरी नेऊन द्यायची, ती संध्याकाळी तशीच. दाढी वाढली. मला राग आला. राग आला म्हणजे काय, वाईटच वाटलं, पण मला वाईट वाटलं की रागच येतो.

"जावा की भोकरला. पाय धरा तिचे," मी म्हणलं.

"जाऊन आलो. दार उघडलं न्हाई." मग चष्मा काढला आन् पुसत बसला. "उमाक्का, तिला वाटतंय मी तिची अब्रू काढली. मी मुद्दाम न्हाई हो केलं. माझ्याकडं तिचा फोटो न्हव्हता. मग दुसऱ्यांच्यात थोडा थोडा जमा झाला."

हे ऐकलं आन् मी उठले. घरी आले, शिवलिंगला म्हणलं, तुझी आई मला दे, दोन दिवसांनी परत आणते. जुन्या लुगड्यात सासूला गुंडाळलं आन् लातूरहून नांदेडला जाणाऱ्या एसटीत बसले. जिवंत असताना तिनं मला कधी आपल्या बाजूला बसवलं न्हाई, आता तीच माझ्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "अक्का, हे काय हाय, लगेज?" मी म्हणलं, "सासू हाय." तो लुगड्याकडं बघत मागं सरकला आन् नांदेडपर्यंत परत माझ्या बाकाकडं फिरकला न्हाई.

भोकरला हाजराबी भावाच्या अंगणात मिरच्या निवडून राहिली होती. मला बघून उठली न्हाई. "त्यानं पाठवलं का?"

"मला कोण पाठवणार? मी काय पार्सल हाय?" मी तिच्यापुढं मिरच्यातच फ्रेम ठेवली आन् लुगडं सोडलं. "भांडण कर, पण बघून कर. तू बघितलंय का एकदा तरी?"

न्हव्हतं बघितलं. आमच्या घरात ती परसातनं यायची आन् परसातनं जायची. तिनं मान फिरवली. मग परत हळूच बघितलं. मग फ्रेम उचलून उजेडात धरली. मिरच्यांनी माझं नाक हुळहुळून राहिलं, पण मी शिंक दाबून धरली.

"हा तीळ," ती म्हणाली, "माझ्या अम्मीला बी माहीत न्हव्हता. आन् ही डावी पापणी जरा पडते, मी लई थकले की. हे त्यानं कवा बघितलं?" तिनं काचेवर बोट ठेवलं. "उमा, हा माणूस घरात माझ्याकडं वर तोंड करून बोलला न्हाई गं कधी. सारखा चष्मा पुसायचा. मला वाटायचं, ह्याला मी दिसतच न्हाई. म्हणून मला तो फोटो नको वाटायचा. घरात बघायचं न्हाई आन् पेटीतनं बघायचं, हे काय?"

"आता?"

"आता काय." तिनं पदरानं नाक पुसलं. "तुझी सासू एवढी रागीट होती का?"

"न्हाई," मी म्हणलं, "हे रागीट तूच हायेस." तेव्हा हसली.

ती माझ्यासंगंच परत आली. स्टुडिओत गेली आन् उभ्या उभ्या नवऱ्याला म्हणाली, "काढ फोटो. पण एक ठिपका रंग लावायचा न्हाई. मी हाय तशी. आन् एकच." खाजामियाँला कॅमेऱ्याचे पाय नीट रोवता येईनात, ते मी धरून ठेवले. ती स्टुलावर बसली, उघड्या तोंडानं, सरळ त्याच्याकडं बघत. त्यानं फोटो काढला, कागदावर उतरवला. दुसरा निघू नये म्हणून तिनं तिथंच कात्री घेऊन निगेटिव्ह कातरून टाकली. आन् धुवायला पाणी? टँकर आठ दिवस आला न्हव्हता. होतं ते अर्धी बादली, आधीच वापरलेलं. मला म्हणाला, "भागंल तेवढ्यात." त्याला माहीत होतं भागायचं न्हाई. पण त्या दिवशी त्याला थांबवायला कुणाचा बाप आला असता तरी जमलं नसतं.

फोटो मी बघितला. लई सुंदर. तिनं तो भिंतीवर लावू दिला न्हाई. पेटीत, कपड्यांच्या खाली.

मग पाऊस पडले, वर्षं गेली. लातूरला मशीनवर रंगीत फोटो निघायला लागले, खाजामियाँचा ब्रश वाळला. आन् एका पावसाळ्यात हाजराबी तापानं गेली. गेली म्हणजे गेलीच, तिसऱ्या दिवशी. माझी चुलीमागची जागा रिकामी झाली. मी अजून साखर वाटीत काढताना तिची वाटी शोधते.

चाळिसावं झालं आन् खाजामियाँ माझ्याकडं आला, हातात कागद. "उमाक्का, माझी नजर कमी झालीय. बघा ह्याच्यात ती हाय का."

मी खिडकीशी नेला, वाकडा धरला, तिरका धरला. पिवळा कागद. नाक न्हाई, ओठ न्हाई, डोळे न्हाई. दवेनं सगळं खाल्लं होतं. खोटं बोलावं असं लई मनात आलं, पण त्याच्यापुढं खोटं कसं बोलणार? तो त्यातला उस्ताद.

"न्हाई हो," मी म्हणलं. "गेलं."

त्यानं कागद परत घेतला आन् सदऱ्याच्या खिशात जपून ठेवला. मला ते बघवंना. मी त्याच्या दंडाला धरलं आन् आत नेलं, चौकटीखाली उभा केला, मान वर करायला लावली. सासूच्या फोटोत सासू राहिलीच न्हव्हती. चेहरा पार पुसून गेलेला, हार बी गेलेला. पिवळ्या कागदावर नुसते दोन डोळे. काळेभोर. सुरमा. तीळ. रंगवलेलं तेवढंच टिकलं होतं.

तो खाली जमिनीवर बसला, वर बघत. मी चहा ठेवला. त्यानंतर रोज यायचा. "सासूबाईंना सलाम करून जातो," म्हणायचा. मी म्हणायची, या.

एक दिवस शिवलिंग दुकानातनं तूरडाळ मोजत मोजतच म्हणाला, "खाजाभाई, आईचा चेहरा भरून द्या की. रिकामं बरं दिसत न्हाई."

खाजामियाँ गडबडला. "आप्पा, तुमच्या आईचा चेहरा माझ्या ध्यानात न्हाई आता."

"माझ्या बी नीटसा न्हाई," शिवलिंग म्हणाला. त्यानं वर बघितलं न्हाई, काट्याकडंच बघत होता. "तुमच्या ध्यानात जो हाय तो भरा."

माझा नवरा आयुष्यात मला शहाणा वाटला असंल तर तेव्हा.

खाजामियाँनं ब्रश पाण्यात भिजवला. आमच्याच ओसरीवर बसून, मोठं भिंग लावून, रोज थोडं थोडं. डोळ्यांना हात लावला न्हाई. आधी भुवया आल्या, मग नाक, मग ती बोलायच्या आधी दुमडायची तसा खालचा ओठ. डोक्यावर पदर आला. मी चहा द्यायला जायची आन् कप हातातच राहायचा. माझी दोस्त बसली होती समोर, ओसरीवर, उघड्या तोंडानं.

कपाळ तेवढं राहिलं. त्यानं ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला आन् थांबला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग पहिल्यांदा सरळ माझ्याकडं बघून विचारलं, "उमाक्का, विभूती वढू का नको?"

मी डोक्यावरचा पदर सावरला. "वढा की," म्हणलं. "सासू हाय ती माझी."